शेजारच्या आसनावरचा माणूस

प्रिय,

दोनदा ध्यानाच्या गटात जाऊन बसलास आणि तिसऱ्या वेळी पाय निघाला नाही, असं लिहिलंयस. शेजारी बसणारे गृहस्थ मोठ्याने श्वास घेतात, बसणं संपल्यावर बोलणी लांबतात, आणि घरी दार लावून बसलं की मन लवकर निवतं. मग चार लोकांत जायचं कशाला, असा तुझा प्रश्न आहे. मलाही तो बरीच वर्षं पडत होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मेघिय नावाचा एक भिक्खू काही काळ बुद्धांच्या सेवेत होता. एकदा भिक्षेहून परतताना त्याला किमिकाला नदीच्या काठी एक सुरेख आमराई दिसली. ध्यानाला बसावं तर इथेच, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने परवानगी मागितली. बुद्ध म्हणाले, थांब जरा, मी इथे एकटाच आहे, दुसरा कुणी भिक्खू येऊ दे. मेघियाने पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदाही विचारलं, तेव्हा त्यांनी अडवलं नाही. तो आमराईत जाऊन बसला आणि दिवसभर मनात काय उसळलं? वासना, द्वेष आणि दुसऱ्याला इजा करण्याचे विचार. तो चक्रावूनच परत आला. तेव्हा बुद्धांनी त्याला कच्चं मन पिकवणाऱ्या पाच गोष्टी सांगितल्या. शील, मनाला उभारी देणारं बोलणं, प्रयत्न आणि प्रज्ञा या त्यातल्या चार. पण या चारांच्याही आधी सांगितला तो कल्याणमित्र, म्हणजे साधनेत साथ देणारा चांगला मित्र. श्वासावर लक्ष ठेवण्याचा सल्ला आला तो त्यानंतर, विचारांची साखळी तोडण्यासाठी.

या गोष्टीत कुणीही खोटं नाही, म्हणून ती मला पटते. जागा चांगली होती, मेघियाची ओढही खरी होती. तुझी खोलीही चांगलीच आहे. तिथे बसणं सोडू नकोस. रोजची वीस मिनिटं घरीच व्हायची. पण घरी मनाला हवं तसं सगळं मांडून ठेवता येतं. खिडकी लावता येते, फोन बंद करता येतो. अशा वेळी जी शांतता मिळते तिच्यात तुझं भान किती आणि बंद दाराचं श्रेय किती, हे घरबसल्या कळत नाही.

भान हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. पालीत ‘सती’ म्हणतात, संस्कृतात ‘स्मृती’. हल्ली सगळे ‘माइंडफुलनेस’ म्हणतात, त्यालाही माझी हरकत नाही. पण आपण ‘भानावर येणं’ म्हणतो ना, त्यात साधनेची सगळी हालचाल आलीय. भान सुटतं, मग आपण भानावर येतो. पुन्हा सुटतं, पुन्हा येतो. जितक्या वेळा परत आलास तितक्या वेळा साधना झाली. तेव्हा मन भरकटलं म्हणून बैठक वाया गेली असं पुन्हा लिहू नकोस.

आता त्या गृहस्थांच्या श्वासाबद्दल. आमच्या गटात एक जण नेहमी उशिरा यायचे. घंटा होऊन पाच-सात मिनिटं झाली की दार हळूच उघडायचं, पावलं माझ्या मागून जायची आणि मग त्यांच्या पिशवीची चेन. खर्रकन. दर वेळी. मी आतून धुमसायचे. किती दिवस? जवळजवळ वर्षभर. एकदा ठरवलं की या रागाकडेच नीट बघायचं. बुद्धांनी सांगितलेल्या चार सतिपट्ठानांत, म्हणजे भान ठेवण्याच्या चार जागांत, शरीर, वेदना (सुखदुःखाची जाणीव), चित्त आणि धम्म (मनात येणाऱ्या गोष्टी) येतात, मग राग तरी कशाला वगळायचा? तर दिसलं असं: चेनचा आवाज अर्धा सेकंद टिकतो. जबडा मात्र पुढची दहा मिनिटं आवळलेला राहतो आणि खांदे कानांकडे चढतात. सामान्य माणसाला एक बाण लागतो आणि त्या दुःखापायी तो स्वतःला दुसरा मारून घेतो, हा दाखला मी कितीदा तरी ऐकला होता. त्या दिवशी तो माझ्या जबड्यात सापडला. पुढच्या आठवड्यात आणखी एक गोष्ट कळली, आणि तिने मी हादरलेच. दार उघडायच्याही आधी माझा जबडा आवळलेला होता. पहिला बाण सुटलाही नव्हता आणि दुसरा मी आधीच रुतवून घेतला होता.

ते उशिरा का येतात हे मी कधी विचारलं नाही. चेन अजूनही वाजते. पण ते वर्ष मी घरी बसून काढलं असतं, तर माझ्या रागाची ही घाई मला दिसली नसती.

लोकांत बसणं ही नवशिक्यांसाठी केलेली सोय आहे असं समजू नकोस. श्वासावरचा सगळ्यात तपशीलवार उपदेश, सोळा पायऱ्यांचा आनापानसती सुत्त, सांगितला गेला तोच भरल्या संघात. सावत्थीच्या (श्रावस्तीच्या) पूर्वाराम विहारात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, संपत आला होता. थेर, म्हणजे ज्येष्ठ, भिक्खू नव्या भिक्खूंना शिकवत होते, कुणी दहांना, कुणी वीसांना, कुणी तीस-चाळीसांना. बुद्ध त्या मंडळींवर इतके प्रसन्न झाले की कौमुदीच्या पौर्णिमेपर्यंत तिथेच थांबतो म्हणाले. पौर्णिमेच्या रात्री उघड्यावर सगळा संघ निःशब्द बसलेला असताना त्यांनी आधी त्या संघाचं कौतुक केलं आणि मग श्वासाकडे वळले.

आणि एक गोष्ट, बुद्धांनीच सांगितलेली, मला सगळ्यांत जवळची. एक डोंबारी बांबूवर कसरती करायचा. तो शिष्याला म्हणाला, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो, म्हणजे खेळ दाखवून आपण सुखरूप खाली उतरू. शिष्याचं नाव मेदकथालिका. तो म्हणाला, असं नाही चालणार गुरुजी. तुम्ही स्वतःला सांभाळा, मी स्वतःला सांभाळतो, तरच आपण दोघं उतरू. बुद्धांनी शिष्याची बाजू घेतली, पण तिथेच थांबले नाहीत. स्वतःला जपणारा दुसऱ्याला जपतो, म्हणाले, आणि दुसऱ्याला जपणारा स्वतःला. स्वतःला जपायचं ते साधनेने, दुसऱ्याला जपायचं ते क्षमेने, अहिंसेने, मैत्रीने, कणवेने.

यातला दुसरा अर्धा भाग मी फार उशिरा शिकले. बसून झाल्यावर आमच्याकडे गोल करून बोलतात. एका बाईंनी एकदा आपल्या घरातल्या मृत्यूबद्दल चार वाक्यं सांगितली. मी लगेच अनित्यतेवर बोलू लागले. माझा शब्दन्‌शब्द बरोबर होता. त्या मान हलवत राहिल्या आणि पुढे कितीतरी महिने आल्याच नाहीत. आसनावर डोळे मिटून वेदना बघायला मी शिकले होते, समोर बसलेल्या माणसाची वेदना बघायला नाही. तेव्हापासून कुणी बोलत असलं की माझे पाय जमिनीला टेकलेत एवढं जाणवून घेते, श्वास जाऊ देते आणि तोंड बंद ठेवते. तुला ती बोलणी लांबलेली वाटतात. त्यांनाही बैठकच समज. तुझं आपणहून बोलणं झालंच तर स्वतःच्या अनुभवाइतकंच असू दे.

गट योग्य आहे की नाही हेही पाहावं लागतं. शंका विचारली की शिकवणाऱ्याचा चेहरा बदलतो का? पैशासाठी रेटा लावतात का? घरच्यांपासून, डॉक्टरपासून दूर राहा असं सुचवतात का? यातलं काहीही दिसलं तर निघून ये, माझी परवानगी लागत नाही. गुडघा दुखला तर खुर्ची घे. डोळे मिटल्यावर जुनं काही अंगावर धावून आलं, छाती दडपली, तर डोळे उघड, उठ आणि शिकवणाऱ्याला सांग. तसं वारंवार झालं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. गटाची माया उपचाराची जागा घेऊ शकत नाही, आणि चांगला गट हे स्वतःच सांगतो.

बुद्धांचा शिष्य आनंद एकदा त्यांना म्हणाला की कल्याणमित्रांची सोबत म्हणजे अर्धं धम्मजीवनच. असं म्हणू नकोस आनंदा, बुद्ध म्हणाले, ते सगळंच्या सगळं आहे. हे मित्र निवडून निवडून सापडतात असं मला तरी दिसलेलं नाही. दर आठवड्याला त्याच चार भिंतींत तेच चेहरे बघत गेलं की एक दिवस लक्षात येतं, यातल्या कुणाची तरी आपण वाट बघतो.

या आठवड्यात जा. दहा मिनिटं आधी पोच आणि आसनं मांडायला हात लाव. काम करताना बोलू नकोस, आसनाची कड फरशीच्या रेघेला नीट लागते का तेवढं बघ. मग त्या गृहस्थांच्या शेजारचीच जागा घे. घंटेचा नाद विरेपर्यंत ऐक. त्यांचा श्वास ऐकू आला की आधी तुझा जबडा तपास, मग तुझा श्वास. काय दिसलं ते मला लिही.