जनतेचा कौल : शब्द देवळातला की दरबारातला?

प्रश्न असा आलाय, की निवडणुकीच्या बातम्यांत 'जनतेचा कौल' म्हणतात ते धर्मनिरपेक्ष देशात कितपत बरोबर, कारण कौल तर देव देतो, मग सरळ 'निकाल' का नको? प्रश्नाखालच्या प्रतिक्रियांत कोणीतरी या शब्दाचं नातं तांत्रिकांच्या कौल पंथाशीही जोडलंय.

पंथाचं आधी संपवतो. तो कौल 'कुल'वरून आलेला, त्याचा इथे काही संबंध नाही. घरावरचं मंगळुरी कौलही वेगळं, 'ते' कौल, आपण बोलतोय 'तो' कौल.

हा आपला कौल मूळचा अरबी. बोललेला शब्द, दिलेलं वचन असा त्याचा अर्थ, कव्वाली पण त्याच मुळातून आलीय. मराठीत तो जुन्या सरकारी कागदांत भरपूर सापडतो. आदिलशाहीत, शिवकाळात, पेशवाईत सरकार रयतेला कौल द्यायचं. गाव ओस पडलं, लोक परागंदा झाले की कौलनामा निघायचा, की परत या, जमिनी कसा, सुरुवातीला सारा कमी घेऊ आणि मग दरसाल थोडा थोडा वाढवू, याला इस्ताव्याचा कौल म्हणत. वेढ्यात अडकलेला किल्लेदारसुद्धा आधी जिवाचा कौल मागायचा आणि मगच गड खाली करायचा. थोडक्यात कौल म्हणजे ज्याच्या हातात सत्ता आहे त्याने दिलेला शब्द.

आता कोकणातल्या देवळात या. आमच्याकडे ग्रामदेवता म्हणजे गावाची मालक, आचऱ्याच्या रामेश्वराला तर अजूनही 'इनामदार श्री देव रामेश्वर' म्हणतात. मग मालकाकडे गाऱ्हाणं घालायचं आणि त्याने कौल द्यायचा हे ओघाने आलंच. गुरव मूर्तीला दोन्ही बाजूंना तांदूळ नाहीतर कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, लावतो, बहुतेक ठिकाणी उजवीकडचा पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. 'देवान कौल दिल्यान' म्हटलं की विषय संपला. आचऱ्याच्या गावपळणीत अख्खा गाव वेशीबाहेर राहतो, हिंदूंबरोबर मुसलमान आणि ख्रिश्चन घरंसुद्धा, आणि परत यायचं ते रामेश्वराचा कौल झाल्यावर. शब्द अरबी, देऊळ शंकराचं, मानणारे सगळे, मला हे फार मोलाचं वाटतं, आणि शब्दांना धर्म चिकटवणाऱ्यांनी एकदा तरी याचा विचार करावा. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नाही, तारीख कौलानेच निघते, आणि जत्रेला सगळ्या पक्षांचे पुढारी हजर असतात.

तेव्हा 'जनतेचा कौल' म्हटल्याने देऊळ राजकारणात घुसलं असं होत नाही, सत्तेचा शब्द तर तो आधीपासूनच होता. फक्त दिशा उलटी झालीय. पूर्वी सरकार रयतेला कौल द्यायचं, आता रयत सरकारला देते, लोकशाही म्हणजे याहून वेगळं काय! 'निकाल' परीक्षेचा लागतो, कोर्टाचा लागतो, लॉटरीचाही लागतो, त्यात कोणी कोणाला शब्द दिलेला नसतो. कौल मागणाऱ्याला बांधून घेतो, डावा मिळाला तरी पाळावा लागतो.

धर्म आणि राजकारणाची खरी गडबड दुसरीकडे आहे. मतदानाच्या आदल्या रात्री नारळावर हात ठेवून शपथ घालायची, आणि मोडलीस तर देव बघून घेईल म्हणायचं, हे बंद व्हायला हवं. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ मध्ये दैवी कोपाची भीती घालून मत फिरवणं हा भ्रष्ट आचार धरलाय. धर्माच्या नावाने मत मागणंही त्यातच येतं, आणि २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की यात उमेदवाराचाच नाही तर मतदाराचाही धर्म धरायचा. आक्षेप घ्यायचा तर तिथे घ्या, जोरात घ्या, बिचाऱ्या शब्दाला कशाला हाकलताय.

वापरायचं कसं, तर मतमोजणी चालू असताना येतो तो 'कल', म्हणजे झुकाव, 'सुरुवातीचे कल हाती आले' हे बरोबर. मोजणी पुरी झाली की 'कौल'. चॅनेलवाले या दोन्हींची सर्रास सरमिसळ करतात. आणि एक्झिट पोलला 'कौल' अजिबात म्हणू नये, त्याला अंदाज म्हणावं.