रंगरंगोटी राहू द्या, दुसरीतल्या लेकराला वाचायला लावा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावात जिल्हा परिषदेची पहिली ते पाचवीची शाळा, पट 47, शिक्षक दोन. तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळा, व्हॅन दारात येते. मुलीला ऑक्टोबरमध्ये सहा पूर्ण होतील, जूनमध्ये पहिलीत घालायचंय. गावातली शाळा चांगली की नाही हे कसं ठरवायचं?

वयाची अडचण नाही. आपल्या राज्यात 31 डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होत असतील तर पहिलीला प्रवेश मिळतो.

शाळा पाहायला जाणारे बहुतेक पालक भिंती बघतात. बोलक्या भिंती, फाटकावर 'डिजिटल शाळा' किंवा आयएसओचा फलक, एका खोलीत टीव्ही. यातलं काहीही वाईट नाही. लोकवर्गणीतून रंग लागला असेल तर गावाचा शाळेवर जीव आहे एवढं कळतं. पण लेकरू वाचायला शिकतं का, हे त्यातून कळत नाही. तो टीव्ही चालू आहे का तेवढं विचारा. 31 ते 100 पटाच्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान 25,000 रुपये, त्यातच खडू, दुरुस्ती, स्वच्छता आणि वीजबिल. बिल थकून मीटर कापलेल्या शाळेत टीव्हीवर कापड पांघरलेलं दिसतं.

पाहायची मुख्य गोष्ट एकच: दुसरी-तिसरीतली मधली लेकरं काय करू शकतात. पहिल्या नंबरची लेकरं कुठल्याही शाळेत, घरच्या जोरावर पुढे जातात. शाळेने काय केलं ते मधल्या आणि मागच्या लेकरांत दिसतं.

मुख्याध्यापकांना आधी सांगून जा. मोबाइल खिशात ठेवा. व्हिडिओ काढणारा पालक दिसला की कुठलाही शिक्षक सावध होतो, आणि मग तुम्हाला वर्ग नाही, कार्यक्रम दिसतो. आठवडी बाजाराचा दिवस टाळा, पोळा आणि महालक्ष्म्यांच्या आसपासचे दिवसही टाळा, कारण हजेरी तेव्हा सगळीकडेच पडते. फेब्रुवारी सर्वात चांगला. वर्षाचं शिकवणं बरंचसं झालेलं असतं आणि सकाळची शाळा अजून लागलेली नसते. जुलैत गेलात तर दुसरीऐवजी तिसरी तपासा, कारण जुलैतली दुसरी म्हणजे खरं तर पहिली संपवलेली लेकरं.

वाचनासाठी पुस्तकातला धडा घेऊ नका, तो पाठ असतो. साध्या वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरात हे लिहून न्या:

'राधाच्या घरी एक काळी शेळी होती. ती रोज सकाळी ओढ्याकाठी चरायला जायची. एक दिवस खूप पाऊस आला. ओढ्याला पाणी आलं. शेळी पलीकडेच अडकली. राधा रडू लागली. आजोबांनी दोरी आणली. संध्याकाळी पाणी ओसरलं. मग आजोबा पलीकडे गेले आणि शेळीला घेऊन आले.'

हे 40 शब्द आहेत, त्यात चार शब्द जोडाक्षराचे. निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या अभियानात दुसरीच्या शेवटी मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि तिसरीच्या शेवटी किमान 60 शब्द, तेही समजून, असं लक्ष्य धरलंय. म्हणजे हा उतारा दुसरीच्या लेकराने साधारण मिनिटभरात संपवायला हवा. घड्याळ लेकरासमोर धरू नका, घाबरतं. नंतर दोनच प्रश्न विचारा. शेळी कुठे अडकली? आजोबा लगेच का गेले नाहीत? दुसऱ्याचं उत्तर कागदावर सरळ लिहिलेलं नाही, ते लेकराने जुळवायचं असतं. म्हणूनच तो विचारायचा.

लेकरं कोणती निवडायची यात सगळी गोम आहे. 'हिला विचारा, ही हुशार आहे' असं गुरुजी म्हणतील, तिलाही विचारा, नाराज कशाला करायचं. पण बाकीची हजेरीपटावरून घ्या: तिसरा, सहावा, नववा असा क्रम. हजेरीत मुलं आणि मुली वेगळ्या लिहिलेल्या असतील तर दोन्हींतून घ्या. सहा लेकरांपैकी चौघं वाचून उत्तर देत असतील तर दुसरीचा वर्ग उत्तम चाललाय. दोघंच वाचत असतील तर पुढचं बारकाईने बघा. एकही नाही, आणि तिसरीतही तीच गत, तर रंग कितीही ताजा असू दे.

चुका कशा होतात त्याकडेही लक्ष द्या. 'रा... धा... च्या' असं एकेक अक्षर फोडून वाचणारं लेकरू अजून अक्षरओळखीवर अडलंय, त्याला सराव हवा. काना-मात्रा गाळून अंदाजाने भलताच शब्द बोलणाऱ्याने धडे पाठ केलेत, वाचन शिकलेलं नाही. आणि घडाघडा वाचून दोन्ही प्रश्नांना गप्प राहणाऱ्याला वर्गात कधी कुणी 'म्हणजे काय?' असं विचारलेलं नाही. बंजारा तांड्यावरच्या शाळेत या तिसऱ्या प्रकारामागे वेगळं कारण असतं. लेकराची घरची बोली गोरमाटी, पुस्तकाची भाषा मराठी. तिथे लेकराला त्याच्या बोलीत उत्तर देऊ द्या. पहिलीचा शिक्षक गोरमाटीत चार शब्द बोलत असेल तर ती शाळा निम्मी लढाई जिंकलेली समजा.

गणितात तीन उदाहरणं पुरतात. दुसरीला 52 वजा 27. उत्तर 35 आलं तर लेकराने सातातून दोन वजा केलेत. हातचा घ्यायचा हे त्याला कुणी काड्यांच्या जुड्या सोडून दाखवलेलं नाही. तिसरीला 'चारशे सात' लिहायला सांगा, 4007 लिहिलं तर स्थानिक किंमत कच्ची. चौथी-पाचवीला 618 भागिले 6. उत्तर 103, पण 13 लिहिणारी लेकरं भरपूर सापडतील, शून्य गाळतात. वर्गातल्या एक-दोघांची चूक ही लेकराची, अर्ध्या वर्गाची एकसारखी चूक ही शिकवण्याची. जाता जाता, कुणी 'बावन्न'ऐवजी 'पन्नास दोन' म्हणालं तर हसू नका. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ही पद्धत आली, त्यावर मोठा वादही झाला. संख्या कळली असेल तर कोणत्याही नावाने चालेल.

आता वह्या. चार लेकरांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवा. चारहींत उत्तरं शब्दाला शब्द सारखी असतील तर सगळं फळ्यावरून उतरवलेलं आहे. लाल शाईची शेवटची तारीख बघा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चुकीच्या शब्दावर नुसती बरोबरची खूण आहे की तो दुरुस्त करून लेकराकडून पुन्हा लिहून घेतलाय. लेकराने स्वतःच्या मनाने लिहिलेली पाच वाक्यं, भले अशुद्ध, वहीत सापडली तर ती शाळा मला दहा फलकांपेक्षा जास्त सांगते. प्रगतीपुस्तकातल्या श्रेण्यांवर मात्र विसंबू नका, तिथे बहुतेकांना वरचीच श्रेणी असते.

तुमच्या शाळेचा खरा प्रश्न दोन शिक्षक आणि पाच वर्ग हा आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे 60 पटापर्यंत दोनच शिक्षक मिळतात, म्हणजे ही कमतरता नाही, नियमच तसा आहे. एकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी ते पाचवी, अशी वाटणी बहुधा असते. अशा वर्गात मागे वीस मिनिटं बसा आणि गुरुजी ज्या वर्गाशी बोलत नाहीत त्या वर्गाकडे बघत राहा. दुसरी गणित शिकत असताना पहिलीची लेकरं शब्दपत्त्या जुळवत असतील, मणी मोजत असतील, जोडीने वाचत असतील तर शिक्षकाला बहुवर्ग अध्यापन जमतंय. 'पाढे लिहा' सांगून सोडलेली लेकरं पाच मिनिटांत लिहून मोकळी होतात आणि पंधरा मिनिटं एकमेकांना ढकलत बसतात.

मग विचारा की एक शिक्षक रजेवर, प्रशिक्षणाला, बीएलओच्या (मतदार यादीच्या) कामाला किंवा केंद्रावर बैठकीला गेला की काय होतं. पाचही वर्ग एकावर येतात. हे महिन्यात एखाद-दोनदा होणारच. दर आठवड्याला होत असेल तर ती शाळा कागदावर द्विशिक्षकी, प्रत्यक्षात एकशिक्षकी आहे. कुणी प्रतिनियुक्तीवर दुसऱ्या शाळेत आहे का, हेही सरळ विचारा.

शिक्षक गावात राहत नाहीत, अप-डाऊन करतात, ही तक्रार आपल्याकडे जुनीच. माझ्या मते राहण्यापेक्षा वेळ बघा. परिपाठ ठरलेल्या वेळेला सुरू होतो का? दोघंही एकाच गाडीने येत असतील तर ती गाडी चुकली की शाळा उशिरा उघडते. कुलूप किती वाजता निघतं हे शेजारच्या किराणा दुकानदाराला बरोबर माहीत असतं.

एकदा परिपाठाला आणि एकदा दुपारी अडीच-तीनला जा. सकाळी फळ्यावर पट आणि उपस्थिती लिहिलेली असते, ती डोकी मोजून ताडून बघा. दुपारी पुन्हा मोजा. खिचडी खाऊन किती लेकरं घरी पळाली, यावरून दुपारी काही शिकवलं जातं का ते कळतं. खिचडीचंही माप आहे. पहिली ते पाचवीला लेकरामागे 100 ग्रॅम धान्य, 450 कॅलरी, 12 ग्रॅम प्रथिनं. 40 हजर असतील तर 4 किलो तांदूळ शिजायला हवा. भातात डाळ दिसते की नुसतं पिवळं पाणी, आणि वाढताना दुसऱ्यांदा मागणाऱ्याला मिळतं का, एवढं बघितलं तरी पुरे.

इमारतीबद्दल फार लिहीत नाही. निजामकालीन खोल्या किंवा पत्र्याची शाळा असेल तर गळक्या, तडकलेल्या खोलीत वर्ग भरत नाही ना, एवढी खात्री करा. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप नसावं आणि आत पाणी असावं. पाणी मार्चमध्ये कुठून येतं हे विचारा, ऑगस्टमध्ये सगळीकडेच असतं.

घरबसल्या तपासायचं असेल तर यू-डायस प्लस या शाळांची माहिती ठेवणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर 'नो युवर स्कूल' आहे. शाळेचा 11 अंकी यू-डायस क्रमांक टाकला की वर्गनिहाय पट, शिक्षक, खोल्या दिसतात. एका वर्षाचे आकडे बघून उपयोग नाही. एकच तुकडी वर सरकताना बघा: गेल्या वर्षी पहिलीत 12 होते, यंदा दुसरीत 12 च आहेत की 8? गळणारी तुकडी म्हणजे पालक लेकरं काढून नेताहेत. बीड, जालना, धाराशिवच्या ऊसतोडीच्या गावांत मात्र गळतीला दुसरं कारण असतं. तिथे दिवाळीनंतर आई-बाप कारखान्यावर जातात. अशा गावात चांगली शाळा ओळखायची खूण वेगळी: मागे राहणाऱ्या लेकरांसाठीचं हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू होतं का, सोबत गेलेल्या लेकराला तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड दिलं का, आणि मार्च-एप्रिलमध्ये परत आलेल्या लेकराला कुणी वेगळं बसवून शिकवतं का. की नुसतं पुढच्या वर्गात सरकवतात?

शिष्यवृत्ती परीक्षेचे आणि नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेचे निकाल शाळा अभिमानाने सांगते, ऐका. फक्त तीन आकडे मागा: वर्गाचा पट किती, बसले किती, पात्र किती. शिष्यवृत्तीत प्रत्येक पेपरला 40 टक्के मिळाले की पात्र. सातपैकी सात बसून चार पात्र झाले तर ती शाळा, 'आमचा एक गुणवत्ता यादीत' सांगणाऱ्या शाळेपेक्षा सरस. एकाच लेकराला वर्षभर घासून बाकी सहा वाऱ्यावर सोडण्याचे प्रकार होतात.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. इतिवृत्ताचं रजिस्टर मागून बघा. सगळ्या सह्या एका पेनाच्या, एका बैठकीत केलेल्या वाटल्या तर समिती कागदावर आहे. पण दोन शिक्षकांच्या शाळेत हीच समिती खूप काही करू शकते, रिकाम्या पदासाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे ठराव घेऊन जाण्यापासून. तुम्ही स्वतः तीत शिरा.

आता व्हॅनची शाळा. तिलाही हाच कागद, हीच उदाहरणं लावा. इंग्रजी वाचून दाखवलं की त्याच दोन ओळींचा अर्थ मराठीत विचारा. पहिलीच्या बाईंचं शिक्षण काय, डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) आहे का, आणि गेल्या तीन वर्षांत पहिलीला किती जणी बदलल्या, हे विचारा. खासगी शाळांत कमी पगारामुळे शिक्षिका टिकत नाहीत, आणि पहिलीच्या लेकरासाठी हे व्हॅनच्या धक्क्यांपेक्षा वाईट. जिल्हा परिषदेत उलटी अडचण, बदली. गुरुजींना या शाळेत किती वर्षं झाली ते विचारून घ्या. पाचच्या पुढे गेली असतील तर ते बदलीच्या यादीत येऊ शकतात, म्हणजे आज पाहिलेला वर्ग जूनमध्ये दुसऱ्याच्या हातात असू शकतो.

म्हणून फेब्रुवारीत पाहणी करा, पण निर्णयाआधी जूनच्या पहिल्या आठवड्यात पहिली कोणाकडे राहणार हे पुन्हा विचारा. तेच शिक्षक राहणार असतील आणि सहापैकी तीन-चार लेकरं शेळीची गोष्ट समजून वाचत असतील, तर मुलीला गावात घाला. नसता तालुक्याची शाळा तपासा, तीही याच कागदावर. पहिलीत घातल्यावर दिवाळीच्या सुट्टीत तिला काना, वेलांटी, उकाराचे दोन-तीन अक्षरी शब्द वाचायला द्या. तेव्हा अडखळली तर चालेल. फेब्रुवारीतही चार-पाच शब्दांचं सोपं वाक्य वाचता येत नसेल, तर वर्ष संपायची वाट न बघता गुरुजींना जाऊन भेटा.