अल्सरेटिव्ह कोलायटिसचा त्रास थांबलाय, मेसालामाइन बंद केलं तर चालेल का?

नाही, स्वतःच्या मनाने बंद करू नका. अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा होण्याचा दीर्घकाळचा आजार, आणि मेसालामाइन ही ती सूज आटोक्यात ठेवणारी गोळी. शौचातून रक्त जाणं थांबलं तरी मोठ्या आतड्याचं अस्तर पूर्ण भरून आलेलं असेलच असं नाही. सूज आत धुमसत राहू शकते. ते कळतं शौचाच्या कॅलप्रोटेक्टिन (आतड्यातली सूज दाखवणारं प्रथिन) तपासणीत किंवा कोलोनोस्कोपीत (मोठ्या आतड्यात कॅमेरा घालून केलेली तपासणी), पोट शांत आहे एवढ्यावरून नाही. गोळ्या सोडल्या की आजार उलटण्याची शक्यता वाढते. शिवाय वर्षानुवर्षं सूज राहिली तर आतड्याच्या कर्करोगाचा धोका असतो, म्हणूनच आजाराला साधारण ८ वर्षं झाली की ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी करतात. स्टेरॉइडचं वेगळं: ती फक्त भडका विझवण्यापुरती, पण तीही एकदम न तोडता हळूहळू कमी करतात. एक मात्र, मेसालामाइनमुळे क्वचित मूत्रपिंडाला त्रास होतो. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला घटक) अधूनमधून तपासा. ते वाढलं तर डॉक्टरच ही गोळी थांबवतात.