अमेरिकेतली 'सायडर मिल' म्हणजे नक्की काय? एकाच घराण्याने चालवलेली एखादी जुनी गिरणी आहे का?

आपल्याकडचं गुऱ्हाळ आठवा आणि उसाच्या जागी सफरचंदं घाला, निम्मं उत्तर मिळालं. नोकरीनिमित्त काही वर्षं कनेटिकटमध्ये होतो, तेव्हा दर ऑक्टोबरात ओल्ड मिस्टिक गावच्या 'क्लाइड्स'मध्ये जाणं व्हायचं. म्हणून तिच्याबद्दलच सांगतो.

बेंजामिन फ्रँकलिन क्लाइड यांनी १८८१ मध्ये हा धंदा सुरू केला. आजच्या जागी गिरणी १८९८ पासून आहे आणि आता घराण्याची सहावी पिढी ती चालवते, तीही वाफेच्या इंजिनावर! अमेरिकेतली वाफेवर चालणारी ही शेवटची सायडर मिल मानतात. १९९४ मध्ये तिथल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेने तिला राष्ट्रीय वारशाचा मान दिला.

गाळप मात्र बघण्यासारखं. सफरचंदं किसली जातात. तो कीस जाड फडक्यावर पसरून चारी पदर आत दुमडतात, वर लाकडी पट्ट्यांची जाळी, पुन्हा फडकं, पुन्हा कीस. अशी चवड रचून ती दाबयंत्राखाली सरकवली की सगळ्या बाजूंनी तपकिरी रस पाझरू लागतो. चक्का बांधलेलं फडकं पिळल्यासारखं, फक्त माणसाच्या उंचीचं.

न्यू इंग्लंडात, म्हणजे कनेटिकट ज्यात येतं त्या ईशान्य अमेरिकेच्या भागात, पूर्वी शेतकरी स्वतःची सफरचंदं आणि पिंपं घेऊन गिरणीवर यायचे, गाळून झालं की पिंप घरच्या तळघरात. तिथे रस आपोआप आंबायचा. म्हणजे आपली नीरा आणि ताडी: झाड एकच, फरक वेळेचा. १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी होती, पण घरी फळांचा रस काढून ठेवायला कायद्यातच सवलत होती. तळघरात पुढे त्या रसाचं काय व्हायचं, हे सगळ्यांना ठाऊक! तसंही दारूबंदीच्या घटनादुरुस्तीला कनेटिकटने कधी मंजुरी दिलीच नव्हती. असं करणारी राज्यं दोनच, दुसरं शेजारचं ऱ्होड आयलंड.

आजही तिथे गोडा रस आणि 'हार्ड' म्हणजे आंबवलेला, दोन्ही मिळतात. मागताना नीट सांगा. मी एकदा गोड्या रसाचा कॅन गाडीच्या डिकीत विसरलो. आठवड्याने बघतो तर फुगून ढोल झालेला. बायको म्हणाली, ओतून द्या. दिला, पण आधी एक घोट घेतला.