शाळेत ए प्लस आणि सहामाहीला 80 पैकी 29, मग दहावीचं काय होणार?

प्रश्न: आम्ही बेळगाव तालुक्यातले, उचगाव भागातले. मुलगी मराठी माध्यमात दहावीला आहे. एफ.ए.ला, म्हणजे शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाला, सगळ्या विषयांत ए नाहीतर ए प्लस, पण सहामाहीला गणितात 80 पैकी 29 आणि विज्ञानात 33. सर म्हणतात, काळजी करू नका, पास होतंय ती. धाकटा मुलगा सातवीत आहे. त्याला पुढच्या वर्षी चंदगड तालुक्यात, महाराष्ट्र बोर्डात घालावं का?

उत्तर:

पास होईल हे सरांचं खरं आहे. पण तुमची झोप उडालीय ती पास-नापासासाठी नव्हे. ए प्लस खरं मानायचं की 29 खरे, हे तुम्हाला कळेना झालंय. दोन वर्षांमागं मी ह्याच जागी होतो. मी मास्तर नव्हे, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीन शॉपला आहे, बावीस वर्षं झाली. मुलगी 2024 ला दहावीला बसली आणि त्याच मार्चमध्ये धाकट्याची पाचवीची ती गाजलेली बोर्ड परीक्षा. त्यामुळं परीक्षा ह्या विषयावर आमच्या घरात जेवढं डोकं फुटलंय तेवढं कुठल्या शाळेच्या मीटिंगलाही फुटलं नसेल.

आधी हिशेब बघा. आपल्या कर्नाटक बोर्डाच्या दहावीचे एकूण मार्क 625. पहिली भाषा म्हणजे मराठी 125 ची, त्यात 100 लेखी आणि 25 अंतर्गत. बाकीचे पाच विषय शंभरचे, प्रत्येकी 80 लेखी आणि 20 अंतर्गत. बेरीज केली तर 125 मार्क शाळेच्या हातात आणि 500 परक्या माणसाच्या हातात. तुमच्या मुलीचं ए प्लस आहे ते त्या 125 मधलं. 29 आहेत ते त्या 500 सारख्या लेखी पेपरातले. दोन्ही खरेच, पण मोजमाप वेगवेगळ्या गोष्टीचं आहे.

एफ.ए.मध्ये काय असतं ते तुम्हाला ठाऊकच असेल. प्रकल्प, तक्ता, तोंडी, वही, छोटी चाचणी. मूळ कल्पना चांगली होती: मूल शिकत असतानाच कुठं अडतंय ते बघायचं, म्हणजे शेवटी धक्का बसायला नको. प्रत्यक्षात वीसपैकी अठरा-एकोणीस सगळ्यांनाच पडतात. माझ्या मुलीच्या सौरमंडळाच्या प्रकल्पातला निम्मा थर्मोकोल मी कापला होता आणि शनीची कडी तिच्या आईनं केली होती. त्यावर ए प्लस. तो नेमका कुणाचा, हे अजून ठरायचंय. शाळेचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. सगळीकडं थोड्याफार फरकानं तेच आहे, आणि बिचाऱ्या सरांवरही वरून कागद भरून द्यायची घाई असते.

फुगवटा लेखीतही किती असू शकतो ते 2024 ला सगळ्या राज्याला दिसलं. त्या वर्षी कॉपी रोखायला परीक्षा केंद्रांत कॅमेरे लावून वेबकास्टिंग केलं. आदल्या वर्षी, 2023 ला, निकाल 83.89 टक्के होता. तो एकदम 73.40 वर आला, तेही ग्रेस मार्क 10 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर नेल्यावर. पुढच्या वर्षी ग्रेसही काढून टाकले. आता 2025-26 पासून पासची अट 35 वरून 33 टक्क्यांवर आणलीय, म्हणजे 625 पैकी 206 आणि प्रत्येक विषयात किमान 30 टक्के. पूर्वी 219 लागायचे. तेरा मार्कांची सवलत मिळाली म्हणून कुणी पेढे वाटू नयेत. त्यानं मुलीला गणित जास्त येणार नाही.

आमच्या शॉपमध्ये बोअर, म्हणजे पाडलेलं भोक, तपासायला प्लग गेज असतो, गो-नोगो म्हणतात. एक बाजू आत गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. दोन सेकंदांत जॉब, म्हणजे बनवलेला भाग, पास का रिजेक्ट ते कळतं. पण किती चुकलाय, कुठल्या बाजूनं चुकलाय, टूल झिजलंय का जॉबच वाकडा धरलाय, ह्यातलं गेज काही सांगत नाही. त्याला फरक मोजणारा डायल गेज लावून बघावं लागतं, चार जागी फिरवून. निकालाचा आकडा हा गो-नोगो गेज आहे. मी पोरीला वर्षभर त्याच गेजवर तपासत होतो. "किती पडले?" एवढाच माझा प्रश्न. कमी पडले की आवाज चढायचा, जास्त पडले की पन्नासची नोट.

डायल लावला तो जानेवारीत, पूर्वतयारी परीक्षेच्या विज्ञानाच्या पेपरला. 80 पैकी 34 होते. शाळेत पेपर मुलांना दाखवून परत घेतात, तपासणीसाठी ठेवावे लागतात म्हणून. मी सरांना म्हटलं, "सर, रागावायला आलो नाही. मार्क वाढवून पण नकोत. फक्त पेपरचे फोटो काढून नेऊ दे." सरांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग खुर्ची दिली. मला वाटतं त्यांच्याकडं असं मागायला कुणी आलंच नव्हतं.

रात्री जेवणं झाल्यावर फोन मध्ये ठेवून बसलो. गेलेले मार्क 46. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तीन रकाने पाडले. येतच नव्हतं ते: 14. येत होतं, पण अर्धं लिहिलं नाहीतर चुकलं: 19. प्रश्नच कळला नाही म्हणून सोडला: 13. हे आकडे बघून मी गप्पच झालो. तोपर्यंत माझी समजूत, सगळे 46 "अभ्यास करत नाही" ह्या एकाच खात्यातले.

मधल्या 19 मधले बरेचसे फुकट गेलेले. भिंगाची आकृती बरोबर, पण किरणांना बाणच नाहीत. समीकरण लिहिलंय, संतुलित केलं नाही. उदाहरणाचं उत्तर बरोबर, पुढं एकक नाही. आमच्याकडं ड्रॉइंगवर एमएम लिहिलं नाही तर सुपरवायझर कागद तोंडावर फेकतो, आणि माझ्याच पोरीनं चार ठिकाणी एकक खाल्लेलं.

पण खरा धक्का तिसऱ्या रकान्यानं दिला. एक प्रश्न वक्रीभवनावर होता, तो कोराच. मी विचारलं, "हे का सोडलंस?" तर ती प्रश्न परत वाचून म्हणते, "वक्रीभवन म्हणजे रिफ्रॅक्शनच काय हो बाबा?" आलं ध्यानात? ट्यूशन इंग्रजी माध्यमाच्या सरांची, तिथं शब्द रिफ्रॅक्शन. मी हौसेनं कोल्हापुराहून आणलेल्या गाइडात शब्द अपवर्तन. आणि पेपरात वक्रीभवन. तिला गोष्ट येत होती, नाव तिसरंच आलं. गाइडात आम्लारी, ट्यूशनला बेस, असलीच गत आणखी कितीतरी ठिकाणी. सीमाभागातल्या मराठी माध्यमाच्या पोरांचं हे दुखणं महाराष्ट्रातल्या पालकाला सांगून कळत नाही आणि कन्नड माध्यमाच्या पालकालाही कळत नाही. पोर एका विषयाला तीन भाषांत सामोरं जातं आणि मार्क एकाच भाषेचे मिळतात.

मग आम्ही एवढंच केलं. गाइड कपाटावर टाकलं. कर्नाटकचं पाठ्यपुस्तक पुढं धरून विज्ञान आणि गणितातले शब्द काढले, सत्तरेक निघाले. डावीकडं पुस्तकातला, उजवीकडं ट्यूशनचा. कागद स्वयंपाकघरात फ्रीजवर चिकटवला. तिची आई भाकरी थापता थापता एक शब्द म्हणायची, ही दुसरा सांगायची. दोन आठवड्यांत तिच्या आईचेच सगळे पाठ झाले. ट्यूशनच्या सरांनाही जाऊन सांगितलं की तुम्ही इंग्रजीत शिकवा, पण फळ्यावर पुस्तकातला मराठी शब्द एकदा लिहा. चांगले गृहस्थ, लिहायला लागले.

कन्नडचंही तसंच बघून घ्या. आपली पोरं गल्लीत क्रिकेट खेळताना कन्नड फाडफाड बोलतात म्हणून आपण निर्धास्त असतो. लिहायला बसली की ओत्तक्षरात, म्हणजे जोडाक्षरात, अडतात. बोलता येतं म्हणून लिहिता येतं असं धरून चालू नका, रोज पाच ओळी उतरवून घ्या.

निकाल खोटा रंगवून सांगत नाही. विज्ञानाला लेखीत 52 आले. गणितात 38 च. मात्र 2024 पासूनच आपल्याकडं वर्षात एकाहून जास्त परीक्षा सुरू झाल्यात, त्या वर्षी परीक्षा-1, 2 आणि 3 अशा तीन होत्या, आणि ज्यात जास्त पडतील ते मार्क धरतात. पास झालेल्यालाही मार्क वाढवायला बसता येतं. जूनमध्ये ती गणिताला परत बसली, 47 झाले. आता दुसऱ्या पीयूसीला, म्हणजे बारावीला, कॉमर्सला आहे आणि वक्रीभवनाशी तिचा काही संबंध उरलेला नाही. तुमच्या मुलीला हे परत बसता येण्याचं आत्ताच सांगून ठेवा, पण "दुसरी संधी आहे की" असं नव्हे. एका पेपरानं आभाळ कोसळत नाही एवढं कळलं तरी पुरे. बोर्डाच्या पेपराचीही स्कॅन प्रत पैसे भरून मागवता येते आणि ती बघून फेरमूल्यांकनाला टाकता येतं. एक-दोन मार्कांसाठी नका जाऊ, पण अख्खं उत्तर तपासायचं राहिलंय असं वाटलं तर जरूर मागवा.

आता धाकट्याचं. माझ्या मुलाची पाचवीची परीक्षा ऐका, म्हणजे मी वैतागून का बोलतोय ते कळेल. 2024 च्या मार्चमध्ये सरकारनं पाचवी, आठवी, नववीला बोर्डाची परीक्षा लावली. 6 तारखेला हायकोर्टानं रद्द केली. 7 ला त्याच कोर्टाच्या मोठ्या खंडपीठानं तो निकाल थांबवला. 11 ला पेपर सुरू झाले, 12 ला सुप्रीम कोर्टानं थांबवले. 22 ला हायकोर्टानं परत हिरवा कंदील दिला, 25 पासून उरलेले पेपर. त्याच 25 तारखेला मोठीची दहावी सुरू! मग 8 एप्रिलला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, निकाल लावायचा नाही. दहा वर्षांचं पोर. रोज सकाळी उठून विचारायचं, "आज पेपर हाय का नाही?" आणि मी शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप बघून सांगायचो, "थांब, कोर्टाचं काय झालं बघतो." त्याचा तो तपासलेला पेपर आम्हाला शेवटपर्यंत बघायला मिळाला नाही. मग ती परीक्षा घेतली कशाला? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात आठवीपर्यंत बोर्डाची परीक्षा पास होण्याची सक्ती नाही असं स्वच्छ लिहिलंय. त्यामुळं सातवीतल्या पोराच्या डोक्यावर कुणी बोर्डाचं भूत बसवत असेल तर आधी तुम्ही ते उतरवा.

आणि हद्दीवरच्या शिनोळीच्या पलीकडं, चंदगडात घालायचं म्हणाल तर माझा कौल नाही. तिकडंही लेखी 80 आणि शाळेकडं 20, हाच साचा आहे. फक्त तिथं पाच सर्वांत चांगल्या विषयांवर टक्केवारी काढतात म्हणून आकडा जरा गोरा दिसतो. उलट इकडचं काय जातंय ते बघा. कर्नाटकात सीईटीनं इंजिनीअरिंगला वगैरे जायचं तर साधारणपणे पहिली ते बारावीत सात वर्षं कर्नाटकात शिकलेलं लागतं, शिवाय दहावी किंवा बारावी इथनं पास झालेलं लागतं. तुमच्या मुलाची सातवीअखेर सात वर्षं भरतात, पण दुसरी अट राहते. दहावी तिकडं केली तर बारावीला परत इकडं यावं लागणार. महाराष्ट्रातही सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी मुलांसाठी प्रवेशाची वेगळी सोय आहे, पण तीही इथं राहून इथल्या शाळेत शिकलेल्यांसाठी. दोन्ही दरवाजे आपल्याला इथंच बसून उघडे राहतात. बसच्या धक्क्यात रोजचे दोन तास घालवून त्यातला एक बंद करायचा असेल तर कारण तसंच दांडगं पाहिजे, आणि सातवीतले मार्क हे काही तसलं कारण नव्हे.

हां, पोरालाच इथली शाळा नको झाली असेल, कुणी त्रास देत असेल, तर गोष्ट वेगळी. ते त्याला विचारा, मार्कांचा विषय न काढता.

मुलीचे सहामाहीचे पेपर अजून शाळेतच असणार. एकदा गठ्ठा बांधून आत गेला की शिपायालाही सापडत नाही. म्हणून ह्या आठवड्यातच जावा, गणिताच्या आणि विज्ञानाच्या दोन्ही पेपरांचे फोटो काढा, आणि त्या रात्री टीव्ही बंद ठेवून आधी 29 नव्हे, गेलेले 51 मोजायला बसा. पेन्सिल तिच्या हातात द्या, तुमच्या नको. मी पहिल्या दिवशी माझ्या हातात घेतली होती, तर ती रडायलाच लागली.