एल्व्हिसचं गाणं गाणार असशील तर

पहिलंच कव्हर (दुसऱ्याचं गाणं आपल्या आवाजात) म्हणून ‘कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह’ निवडलंस, छान केलंस. १९६१ चं गाणं, एल्व्हिस प्रेस्लीचं. चाल त्याहून कितीतरी जुनी, १७८४ च्या एका फ्रेंच प्रेमगीतावर बेतलेली. म्हणूनच ती इतकी सरळ आहे, आणि सरळ चालीत काहीच लपत नाही.

सुरुवातीच्या दोन शब्दांतच सूर षड्जावरून (सा) थेट पंचमावर (प) जातो. ही उडी मींड न घेता, म्हणजे सूर घसरवत न नेता, स्वच्छ घे. तानपुरा लावून एवढंच रोज घोक. सुगम संगीत शिकलेल्यांना इथे हरकत, म्हणजे सुरांची छोटी नक्षी, घ्यायचा फार मोह होतो. घेऊ नकोस, गाण्यातला साधेपणा जातो.

पट्टी, म्हणजे कोणत्या सुराला सा धरायचा ते, आधी ठरव. एल्व्हिसची पट्टी तुला सोयीची असेलच असं नाही. पहिल्या ओळीतला खालचा षड्ज पुटपुटल्यासारखा आला तर पट्टी वर घे.

लय संथ आहे, त्यामुळे दम पुरत नाही. ओळीच्या मध्येच श्वास तुटतो. शब्दांच्या कागदावर श्वासाच्या जागा पेन्सिलीने खुणा करून ठेव आणि रोज श्वास तिथेच घे. दादरा तालाच्या सहा मात्रांसारखं डोलणं अंगात येऊ दे, पण ठेक्यावर आपटू नकोस.

नदीची उपमा येते त्या मधल्या भागात कॉर्ड (साथीचे एकत्र वाजणारे सूर) मायनरकडे, म्हणजे जरा उदास छटेकडे, वळतात. आवाज तिथे थोडा मोकळा सोड, जोर नको.

यूबी४० या ब्रिटिश बँडने १९९३ मध्ये हेच रेगे या जमैकन शैलीत गायलं. तेही ऐक, पण मूळ चाल पक्की झाल्यावरच.