एकशे आठ पायऱ्यांची वही

"मॅडम, व्यायाम केला तर उरलासुरला गुडघाही झिजेल ना?"

आठवड्यातून दोनदा तरी हा प्रश्न माझ्यासमोर येतो. सोबत 'गॅप कमी झालीय', 'वंगण संपलंय' ही वाक्यंही. मी एका फिजिओथेरपी केंद्रात समुपदेशक आहे. व्यायाम शिकवूनही जे घरी तो करत नाहीत, त्यांना माझ्याकडे धाडतात. बरेचजण दारातूनच बजावतात, "डोकं शाबूत आहे माझं, दुखतोय तो गुडघा."

काकूही तशाच आल्या. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) वय त्रेसष्ट, पतपेढीतून कॅशिअर म्हणून निवृत्त, घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. उजवा गुडघा दोन वर्षं दुखत होता. झिजेचा संधिवात, पण शस्त्रक्रियेची घाई नको, मांडीचे स्नायू बळकट करा, असं अस्थिरोगतज्ज्ञांनीच लिहून दिलेलं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाय सरळ ठेवून उचलायचा, खुर्चीतून उठायचं-बसायचं, असे तीन व्यायाम. तीन आठवड्यांत काकूंनी एकही केला नव्हता. शेक मात्र दोन्ही वेळा, नेमानं. आणि केंद्रात आल्या की एकच मागणी, "ते करंटचं मशीन लावा की!"

पहिल्या भेटीत मी चुकले. मी त्यांना कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, शिकवायला बसले. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, सांध्यावर भार येतो-जातो तेव्हा सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं. एक्स-रेतली झीज आणि होणारं दुखणं यांचा मेळ बसेलच असं नाही. सगळं खरं. काकूंनी मान डोलावली, "छान समजावलंत" म्हणाल्या, आणि घरी जाऊन पुन्हा शेकत बसल्या.

दुसऱ्या वेळी मी फक्त विचारलं, दिवस कसा जातो? त्यांनी पिशवीतून आखीव वही काढली. तारीख आणि पुढे आकडा.

"चोपन्न पायऱ्या. एकदा उतरून चढलं की एकशे आठ. जपमाळच!"

पहिल्या पानांवर रोज २१६. मग १०८. मग आठवड्यातून दोनदाच १०८. आणि गेल्या महिन्यात, केंद्रात यायचे दिवस सोडले तर, ओळीनं शून्यं.

"गुडघा म्हणजे ठेव हो. नवी भर पडायचं वय गेलं. आता जेवढी काढू तेवढी कमी."

तीन आठवडे आम्ही ज्याला आळस समजत होतो, ती काटकसर होती! माझ्या कूर्चेच्या व्याख्यानाला या वहीत रकानाच नव्हता.

"ही शून्यं लिहायला लागल्यापासून दुखणं किती कमी झालं?" मी विचारलं. काकूंनी पानं पुढे-मागे केली. दुखणं त्यांनी कुठे टिपलंच नव्हतं. "कमी कुठलं? आता तर खुर्चीतून उठतानाही कळ येते." मग थांबून स्वतःच म्हणाल्या, "ताळा जमत नाही."

तिथेच फिजिओथेरपिस्टला आत बोलावलं. तिनं काकूंना हात न टेकता उठायला सांगितलं. जमेना. मांडीचा पुढचा स्नायू चालताना बसणारा हिसका झेलतो, वापरला नाही तर तो काही आठवड्यांतच ओसरतो, आणि मग तोच हिसका सांध्यावर येतो, हे काकूंना खुर्चीत बसल्या बसल्या पटलं. खुर्चीवर सतरंजीची घडी टाकून बैठक उंच केली, तेव्हा आठ वेळा उठल्या.

वहीत दोन रकाने वाढवले: व्यायाम करताना दुखणं, शून्य ते दहा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं दुखणं. पाचपर्यंत चालेल, पण चोवीस तासांत नेहमीच्या पातळीवर आलं पाहिजे. नाही आलं तर पुढच्या वेळी फेऱ्या कमी करायच्या, बंद करायचं नाही. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून चालणाऱ्या 'ग्लॅड' या झिजेच्या संधिवातासाठीच्या व्यायाम कार्यक्रमातही साधारण असंच मोजायला शिकवतात. शिवाय जिन्यात चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी घ्यायची तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात.

मशीनचं काय? इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेनं २०२२ च्या मार्गदर्शिकेत झिजेच्या संधिवातासाठी असे विजेचे उपचार देऊ नका, असंच म्हटलंय, कारण फायद्याचा पुरेसा पुरावा नाही. शेक मी मोडून काढला नाही. शेकल्यानं बरं वाटतं, ते वाटू द्यावं. फक्त शेकून स्नायू भरत नाही.

चौथ्या आठवड्यात सकाळीच फोन. हळदीकुंकवाच्या गडबडीत दोनदा जिना झाला होता. दुखणं सात. "मोडली बघा ठेव." मी आधी विचारून घेतलं: गुडघा लाल, गरम, सुजलेला आहे का? ताप? मध्येच अडकतो? पाय टेकवता येतो ना? पोटरी सुजलीय? यातलं काहीही असतं तर त्यांना आधी डॉक्टरांकडेच पाठवलं असतं. काहीच नव्हतं. उठाबशा दहावरून सहावर आणल्या. तिसऱ्या दिवशी वहीत चार लिहिलं होतं.

आता तीन महिने झालेत. दुखणं गेलेलं नाही, बहुतेक दिवशी तीन असतं. उकिडवं बसणं त्या टाळतातच. पण खुर्चीवरची सतरंजी निघाली, आणि मला त्या 'अगं' म्हणायला लागल्या.

परवा वही दाखवायला आल्या होत्या. एका दिवशी ३२४ पाहून मी दचकले. शेजारी शेरा होता: 'कोथिंबीर विसरले.'